नानाच्या दारासमोरचं घर

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव, नाव सांगून तुमाला कळणार न्हाई एवढं बारकं. लग्न झालं तशी ह्यांच्या मागं उरणला आले. हे हमाल, आधी मिठाच्या गोदामात, मग तिकडं बंदर झालं तसं कंटेनरच्या यार्डात. मला इथं इंदूबाई म्हणतात, मसालेवाली इंदूबाई. तुमी खोकताय ताई, थांबा, माठातलं पाणी घ्या. आमच्या विहिरीचं हाय, गोड हाय, उरणात सगळीकडं असं गोड पाणी गावत न्हाई. आन् माझी सगळी गोष्ट त्या पाण्याचीच हाय, तवा आधी प्या मग लिवा.

तर काय सांगू तुमाला, हे उरण लई जुनं गाव, बाजाराच्या मागं ह्या गल्ल्या, दोनी बाजूला कौलारू घरं, पुढं ओटे. आन् चैत-वैशाख आला की घरटी वर्षाचा मसाला व्हतो. नाक्यावर आता मसाला कुटायचा डंका आलाय मशीनचा, पण मशीनवर मसाला तापतो, वास उडून जातो, म्हणून जुनी घरं अजून मलाच बोलावतात. मिरच्या मी वाळवते, भाजते, उखळात कुटते, चाळते. माझं उखळ दगडी हाय, माहेरचं. लोकं लग्नात भांडी देतात, माझ्या बापानं उखळ दिलं, ट्रकात घालून आणलं ह्यांनी. सासू हसली व्हती, पोरगी आणली का दगड आणला म्हणून. त्याच दगडानं घर उभं केलं ताई.

ह्याच गल्लीत, ते समोरचं निळ्या दाराचं घर दिसतंय न्हवं, त्याच्या मागच्या खोलीत आमी भाड्यानं राहायचो. मालक नाना. सगळी गल्ली नाना म्हणते म्हणून मीबी तोंडावर नानाच म्हणते, मनात काय म्हणते ते लिवू नका. तर त्या नानाच्या पोरीला बघायला पाव्हणे यायचे व्हते. मला कुणी सांगितलं न्हाई ओ. मागल्या दारी मी आपली मिरची कुटत बसलेली, आन् वारं नेमकं घराकडं. पाव्हण्यांच्या हातात पोह्याच्या बश्या, आन् एक शिंकला, दुसरा शिंकला, नवरदेवाची आई तर डोळे चोळत उठलीच. स्थळ मोडलं. आता मिरचीनं मोडलं का देण्याघेण्यावरनं मोडलं मला काय ठावं, पण नानानं धरलं मला.

पाव्हणे गेले तसा तो मागं आला आन् उखळाला लाथ घातली. आडवं झालं, मिरची सगळी मातीत. मग दोन माणसं बोलावून ते उखळ गल्लीत टाकलं, त्याच्यामागं आमची ट्रंक, अंथरूण, भांडी. हे कामावर. मी म्हटलं, नाना, संध्याकाळपर्यंत तरी थांबा, हे येऊ द्या. तर म्हणतो, हमालाच्या बायकोला घर कशाला लागतं, गोदामात झोपा. आन् माझी शोभा, एवढीशी व्हती, ती गल्लीत पडलेल्या उखळावर जाऊन बसली आन् मला म्हणाली, आये, आपण आता हितंच झोपायचं का? सगळी गल्ली ओट्यावर उभी राहून बघत व्हती. तेवढं लिवा ताई, तेवढं नीट लिवा. लाथ मी इसरले असते, पोरीचं ते बोलणं मी इसरणार न्हाई, मेल्यावरबी न्हाई.

तवा हे, आता आपण बसलोय त्या घराचं दार उघडलं. हलीमाबी म्हणून म्हाताऱ्या बाई व्हत्या, हितल्याच, पिढ्यान् पिढ्यांच्या कोकणी मुसलमान. नवरा वारलेला, लेक दुबईला. बाहेर येऊन शोभाचा हात धरला आन् मला म्हणाल्या, काय बगतेस बाय, सामान उचल, आत ये. आठ दिस आमी हलीमाबींच्या ओट्यावर काढले, मग मोरा बंदराच्या रस्त्याला खोली मिळाली. पण त्या पहिल्या संध्याकाळीच, समोरचं निळं दार बघत, मी ठरवलं. घर घेईन तर ह्याच गल्लीत, आन् माझं उखळ मांडीन तर ह्याच्या नाकासमोर.

मग काय, वर्षं गेली. नळ आला गावात. नळ आला तशी नानाला लई अक्कल सुचली, सोताची विहीर बुजवली आन् वर बाथरूम बांधलं, फरशी-बिरशी घालून. गल्लीला बोलावून बोलावून दाखवलं. चैत आला की नळाला नुसती हवा येती, हे त्याला कोण सांगणार? बाकीची गल्ली मग हलीमाबीच्या विहिरीवरनं पाणी न्यायची. ही विहीर अशी परसात हाय बघा, आन् परसात जायला दुसरी वाट न्हाई. पुढल्या दारानं शिरायचं, माजघरातनं जायचं, मागल्या दारानं निघायचं. त्यांच्या सासऱ्यांनी खणली तवापासून ती वाट गल्लीला उघडी. कुणाची जात इचारली न्हाई कधी.

हलीमाबी थकल्या, लेकीकडं पनवेलला जायचं ठरलं, घर इकायचं निघालं. मी ह्यांना म्हटलं, घ्यायचं. हे म्हणाले, येडी का काय, त्यापेक्षा गावाकडं बांधू. मी म्हटलं, गावाकडं नाना राहतो का? तवा म्हणाले, इंदे, तू घर घेतीस का दावा मांडतीस? मी म्हटलं, दोनी. गावाकडचा शेताचा वाटा ह्यांनी भावाला इकून पैसे उभे केले. अजून कधी पावसाळ्यात गप बसले की मला कळतं, शेत आठवतंय. ते माझ्यापायी गेलं, न्हाई कशाला म्हणू.

पण नानालाबी हेच घर पायजे व्हतं, लेकाच्या संसाराला. आन् तो आमच्यापेक्षा जास्ती देत व्हता. दुबईवाला लेक रजेवर आला, त्याचा कल नानाकडंच, त्याचं तरी काय चुकलं. एका दुपारी आमा दोघांनाबी ह्याच ओट्यावर बसवलं. नाना मला बघून म्हणतो, ह्या बाईला घर दिलंत तर भिंतींना मिरचीचा वास लागंल, जन्मात जाणार न्हाई. लेक हसला. मी मनात म्हटलं, गेलं घर.

तवा हलीमाबींनी एकच इचारलं. नाना, घर घेऊन तू काय करशील? आन् ताई, तो गडी खुशीत आला. उठून, हात लांब करून दाखवाया लागला. हितली भिंत पाडू, हितं स्वयंपाकघर, आन् मागची विहीर बुजवून दोन खोल्या काढू, भाड्यानं देऊ. हलीमाबींचा लेक मान डोलवत व्हता. मग म्हातारीनं मला इचारलं, तू काय करशील बाय? मी म्हटलं, राहीन, दुसरं काय करणार.

त्या उठल्या, मला परसात नेलं, माझा हात विहिरीच्या काठावर ठेवला आन् म्हणाल्या, पानी कोनाला नाय म्हणायचं नाय. कोनाला म्हंजे कोनालाच नाय. मला कळलं त्या कुणाबद्दल बोलतायत. नानालाबी पाणी द्यायचं, मनाला पटत न्हवतं. पण शब्द दिला. बाहेर येऊन लेकाला म्हणाल्या, कागद इंदूच्या नावानं कर. तो काहीतरी बोलाया लागला तर म्हणाल्या, तुझ्या आजानं खणलेली विहीर बुजवणाऱ्याला मी घर देऊ? नानाचं तोंड तवा तुमी बघायला पायजे व्हतं.

घर आमचं झालं. हे घर मिळालं न्हाई तसा नानाचा लेक बायकोला घेऊन नेरूळला फ्लॅटमध्ये गेला, सोसायटीत. ती पोरगी, जिचं स्थळ मोडलं ती, चांगल्या घरी पडली, तिचं माझं काही न्हाई, दिवाळीला येते तवा मसाला नेते. मागं ऱ्हायले नाना आन् त्याची बायको. तिचे गुडघे गेलेले. मग आला चैत, नळ बंद.

आधी त्यानं शेजारच्या पोरांना पाठवून बघितलं, पण पोरं किती दिस ऐकणार? मग एका सकाळी सोता हंडा घेऊन ओट्याखाली उभा. म्हणतो, इंदूबाई, आत येऊ का? मी म्हटलं, या की नाना, पाणी कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई, शब्द दिलाय मी.

आन् उखळ मी मांडलंय कुठं, ते तुमी येताना बघितलंच. माजघरात, वाटेच्या कडंला. लोकांच्या मिरचीला मी कुटताना तेलाचा हात लावते, मग ठसका उठत न्हाई, सगळी गल्ली आरामात पाणी नेते. नानाचा हंडा वाजला की मी तेल बाजूला ठेवते. कोरडी मिरची घालते. चार घाव मारले की झालं. जाताना शिंकतो, येताना शिंकतो, पाणी हिंदकळतं, डोळ्यांतनं धारा. एकदा म्हणाला, इंदूबाई, थोडी थांब ना, मी जाईपर्यंत. मी म्हटलं, नाना, माझी शोभा गल्लीत उखळावर बसली व्हती तवा तुमी थांबला व्हता का? तसाच खोकत गेला.

गेल्या साली हलीमाबी आल्या व्हत्या पनवेलहून. बसल्या माजघरात, बघितलं सगळं. म्हणाल्या, इंदू, मी तुला काय सांगितलेलं? मी म्हटलं, पाणी देतेय की. मिरची कुटू नको असं कुठं सांगितलं व्हतं? कपाळाला हात लावला, आन् पदराआड हसल्या, मी बघितलं. जाताना म्हणाल्या, आता पुरे कर बाय. मी व्हय म्हटलं न्हाई.

हे म्हणतात, म्हातारा झालाय तो, सोड. शोभासुदिक म्हणते, आये, मला आठवतबी न्हाई ते. तिला आठवत न्हाई ते बरंच हाय, त्यासाठीच तर मी आठवण धरून बसलेय. सकाळी देवापुढं दिवा लावते तवा नानाचं नाव घेते मी, खोटं न्हाई. देवा, त्याला उदंड आयुष्य दे म्हणते. हातपाय धड ठेव, कंबर ताठ ठेव. हंडा उचलता आला पायजे त्याला.