स्पिरिटमधल्या चिठ्ठ्या

अहो, पेन नको, ते ठेवा खिशात — ही घ्या पेन्सिल. या खोलीत सगळं पेन्सिलीनंच, तीस वर्षांचा शिरस्ता आहे माझा. विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिताय ना, मग हेच आधी लिहा. या बाटल्यांत स्पिरिट असतं, त्यात किडे-अळ्या, आणि आत नावाची चिठ्ठी — पेननं लिहिलीत तर शाई उतरते, चिठ्ठी कोरी. नव्या संशोधकाला पहिल्या दिवशी हे कोण सांगतं? मी. लॅबचा शिपाई असलो म्हणून काय झालं — आज मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेत, त्यांच्या हातात पेन्सिल मी दिलीय.

विद्यापीठाचं मोठेपण कशात म्हणाल, तर फी कमी आणि दार उघडं. आधी गावाबाहेर चार खोल्या होत्या म्हणतात, मग शहरच चालत आलं भोवती. न्यायाधीशाचा मुलगा आणि शिपायाची मुलगी एका बाकावर — शिपायाची म्हणजे माझीच हो. एम.एस्सी.ला पहिली आली, मग इथेच संशोधनाला. कुठल्या नाल्यातले डास औषधाला दाद देत नाहीत, ते शोधत होती — दोन वर्षं गुडघाभर घाणीत उतरली पोरगी, चारशे बाटल्या भरल्या. लोक काय, म्हणायचे बापाचा वशिला. म्हणून मी ठरवलं, इथे बाप नाही व्हायचं. 'मॅडम' म्हणायचो तिला. ती हसायची.

पुढे? पुढे काय, तपासायला कपाट उघडलं तर चिठ्ठ्या कोऱ्या. कुठली अळी कुठल्या नाल्यातली, देव जाणे. बाकीच्यांना वाटलं, बापानं सांगितलंच असेल — आणि बापाला... मला दिसलं होतं हो. पहिल्याच आठवड्यात, चिठ्ठी लिहिताना तिच्या हातात निळं पेन. शब्द ओठांवर आला होता, पण दारात ते वशिला म्हणणारेच दोघं उभे होते, म्हटलं उद्या सांगू. उद्याचं परवा झालं, आणि मग इतका उशीर झाला की सांगायचीच भीती वाटायला लागली. माझ्यासारखा करंटा बाप नसेल. तिनं एकदाच विचारलं, "बाबा, तुम्हाला दिसलं नव्हतं?"

नाही म्हणालो मी.

सोडलं तिनं सगळं. लांब नोकरी करते कुठल्याशा दुकानात. दर रविवारी फोन येतो, गोळ्या घेतल्या का विचारते, बाटल्यांचं नाव काढत नाही.

हे काय, लिहून घेतलंत? खोडा ते. पेन्सिलीनं लिहिलंय ना, खोडता येतं. खोडा — आणि निघा आता, कुलूप लावायचंय मला.