बिरोबाम्होरच्या लाल झेंड्या

जबाब

मी म्हाळसाबाई बिराप्पा दुधभाते, वय पासष्टच्या आसपास, धंदा मेंढरं राखणं, शिक्षण चौथी, राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. सध्या पाल ठोकलंय ते बलभीम शेतकऱ्याच्या रानात. ठाण्यात मला कुणी बोलावलं न्हाय, माझी मीच आले, आन् शिवप्रिया मॅडमच्या म्होरं बसून सांगते ते असं. जसं बोलते तसंच लिहा म्हणलं, मॅडम व्हय म्हणल्या.

पैलं हे लिहा, माझे मालक कालपासनं सापडंनात. नाव बिराप्पा. मॅडमनी घ्यायला लावलं म्हणून घेतलं, परत इचारू नका. वय माझ्यापेक्षा पाच-सा वर्सांनी जास्त. अंगात पांढरी बंडी, धोतर, डोक्याला लाल पटका, हातात काठी. अंगावर घोंगडं न्हाय. का न्हाय ते म्होरं येईल. मोबाइल न्हाय, आमच्यात एकच हाय, तो माझ्याकडं. वाचता येत न्हाय.

मॅडम म्हणल्या, "आजी, आधी घटना सांगा, मग मिसिंगचं बघू." म्या म्हणलं, घटना कुठं जात न्हाय, माणूस गेलाय. त्या म्हणल्या घटनेबिगर कागद म्होरं सरकत न्हाय. म्हणून घटना सांगते. लौकर लिहा.

बलभीमच्या रानातनं पवनचक्कीची केबल जमिनीखालनं गेलीया. वरनं काय दिसत न्हाय, पण खाली करंट असतो. आता गावाला पाण्याची पाइपलाइन यायची, तिचा चर त्याच रानातनं खोदायचा. मशीनचा दात केबलला लागू न्हाय म्हणून खोदायच्या आधी केबलच्या डोक्यावर झेंड्या लावत्यात. लाल झेंडी म्हणजे खाली करंट. हे काम रणधीरकडं. तो ठेकेदाराचा सुपरवायझर.

मागच्या साली वरच्या शिवारात ह्याच कामाच्या झेंड्या पिलास्टिकच्या व्हत्या. काम झाल्यावर तशाच टाकून गेले. माझ्या दोन मेंढ्या फुगून मेल्या, त्यातली एक गाभण. पोट फाडलं तर आत लाल गोळा. तो गोळा न धुता नेऊन रणधीरच्या टेबलावर ठिवला. म्हणलं, "तुमचा माल हाय, तपासून घ्या." तो नाकाला रुमाल लावून उठला. पण ह्या साली मक्याच्या झेंड्या आणल्या. झेंडी मक्याच्या पिठाची, काडी बी तसलीच. काम झालं की दवानं, पावसानं इरघळून माती व्हते, उचलायचा ताप न्हाय. आमच्या पालावर येऊन त्यानं एक काडी मोडून सवताच्या तोंडात घातली. "बघा आजी, आता मेंढरांनी खाल्ली तरी पचंल." म्या म्हणलं, "मीठ लाव, तुलाबी पचंल." सगळे हसले. मालक बी हसले.

परवा बलभीमनं खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं. दरसाल बोलावतो. म्या म्हणलं, "बलभीम, रानात झेंड्या हायत की." तो म्हणला, "काकू, आता पिलास्टिक न्हाय, बसवा बिनघोर." पिलास्टिक न्हाय म्हणजे मेंढरांना धोका न्हाय, एवढंच आमी धरून चाललो. झेंड्यांना मेंढरांचा धोका हाय हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाय. उजाडल्यावर बघितलं तर एकबी झेंडी जाग्यावर न्हाय. काड्यासुदिक खाल्लेल्या. भरड्यावानी लागल्या असतील. मेंढरं माझीच, आन् पिलास्टिक नको म्हणून भांडलेली बी मीच. हे लिहिलं का? लिहा.

रणधीरला फोन लावला. वाजला, उचलला न्हाय. परत लावला, उचलला न्हाय. उरलेल्या झेंड्यांचा गठ्ठा बलभीमच्या कोठ्यात व्हता. मालक म्हणले, "केबल पुरली तवा मी हितंच मेंढरं राखत व्हतो, चर माझ्या डोळ्याम्होरं खणलाय. लावून ठिवतो. रणधीर आला की सांगतो." गठ्ठा म्या आणला. एकेक झेंडी म्याच हातात दिली. बांधापासनं लावत आले, त्यात बोटभर चूक न्हाय, कुणीबी उकरून बघावं.

रानाच्या मधी बिरोबाचा दगड हाय. केबल त्याच्या म्होरनं गेलीया, तोंडासमोरनं. पुरताना चार माणसांना इचारून, नारळ फोडून चर खणला व्हता. पण देवाच्या तोंडासमोर आमी खुटी ठोकत न्हाय. पालाची न्हाय, जाळीची न्हाय, कसलीच न्हाय. रणधीरनं परवा तिथं झेंड्या लावल्या तवापासनं मालक त्या वाटनं जात नव्हते. तिथवर आल्यावर ते थांबले, दगडाला मागनं वळसा घालून झेंड्या लावल्या, आन् फुडं परत नीट रेषेत आले. मी काय बोलले न्हाय. बोलण्यासारखं काय वाटलंच न्हाय. देवाम्होरं कुदळ मारायची तर माणूस आधी इचारतो. इचारलं की सांगायचं, केबल म्होरनं हाय. आमच्या हिशेबानं एवढं बास व्हतं.

मशीन घेऊन आला तो वैजनाथ. उमरग्याकडचा, ह्या कामावर नवा. पालावर येऊन म्हणला, "आजी, चहा हाय का?" म्या म्हणलं, "दूध नासलंय, काळा चालंल का?" "काळा तर काळा, गूळ जरा हात सैल सोडून टाका." म्हणला, तेवढ्यात जरा काम चालू करून येतो. झेंड्या दगडाच्या मागं दिसल्या, म्हणून त्यानं म्होरलं रान मोकळं समजलं. मी चहा ठिवत व्हते. मालक मेंढरं पाण्यावर घेऊन गेले व्हते. रणधीर आला नव्हता. आता म्हणतो, बिरोबासाठी नारळ आणायला नळदुर्गला गेलो व्हतो. नारळाची याद व्हती, पोराला थांब म्हणायची न्हाय. करंट बंद करून का खोदलं न्हाय, ते त्याला इचारा, मला न्हाय.

मग आवाज झाला. कसा झाला हे मॅडमनी दोनदा इचारलं. चहा सांडला, एवढं लिहा.

वैजनाथ केबिनमधनं उतराया गेला आन् खाली फेकला गेला. बलभीम धावला, शेजारच्या रानातली माणसं धावली. कुणीतरी म्हणलं, "गेला." मग सगळेच म्हणाया लागले, गेला, गेला. तेवढ्यात मालक पाण्यावरनं पळत आले. त्यांनी तेच ऐकलं. त्यांनी दगडामागच्या झेंड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. अंगावरचं घोंगडं काढून पोरावर घातलं, तोंडावरनं. जीप आली, पोराला घोंगड्यासकट उचलून आत घातलं. मी जीपकडं बघत व्हते. मालकाकडं बघितलं न्हाय.

नंतर मी पालात मोबाइल धरून बसले. मला वाटलं मालक मेंढराकडं गेले. दिस कलल्यावर सोलापूरच्या दवाखान्यातनं बलभीमचा फोन आला. "काकू, पोरगं हाय. हात भाजलाय, पाय भाजलाय, पण डोळं उघडलं, पाणी मागितलं. डॉक्टर म्हणले निभावलं." मी तशीच पाण्याकडं पळाले, मालकाला सांगाया. मेंढरं उभी, कुत्रं त्यांच्याजवळ. माणूस न्हाय. ह्या माणसानं कवा मेंढरं मोकळी सोडली न्हायत. लेकीच्या लग्नात पंगत अर्धी टाकून मेंढरं बघून आले व्हते. इहीणबाई आजून बोलत न्हायत.

परत फिरताना बिरोबापाशी आले, तर देवाच्या तोंडासमोर लाल झेंड्या. केबल जिथनं गेलीया बरोबर तिथनं, ह्या अंगाच्या बांधापासनं त्या अंगाच्या बांधापोतर. मागच्या सगळ्या उपटलेल्या. गर्दी पांगल्यावर, मी पालात बसले व्हते तवा लावल्या असतील. आजून कुणाला लागू न्हाय म्हणून. मला हाक मारली न्हाय. ह्या खेपंला हातात द्यायला मी नव्हते. देवाम्होरं खुटी ठोकली त्या माणसानं. तवा मला कळलं, हे आता पालावर येणार न्हायत.

रणधीरच्या तक्रारीत लिहिलंय, मेंढपाळानं झेंड्या चोरल्या, जागा बदलली आन् फरार झाला. मॅडमनीच वाचून दाखवलं. जागा बदलली हे खरं हाय. चोरल्या हे खोटं. आन् फरार तर लिहूच नका. फरार माणूस पळायच्या आधी गुडघ्यावर बसून झेंड्या लावत बसत न्हाय. तुमचा माणूस पाठवून त्या झेंड्यांचा फोटू काढा, आजच्या आज. मक्याच्या हायत त्या. एका दवात कोपरं गळून पडल्यात, अजून एक दव बसलं की काय हाताला लागणार न्हाय. मेंढरांना तिकडनं किती येळ हाकलत बसू? झेंड्या गेल्या तर त्या माणसानं शेवटी काय केलं हे दाखवायला माझ्यापाशी काय ऱ्हात न्हाय. शेवटी लिहिलं असंल तर खोडा. शेवटी म्हणायचं नव्हतं मला.

मॅडम म्हणल्या, "आजी, गुन्हा दाखल झाला तर आजोबांना अटक व्हईल, ठावं हाय ना?" म्या म्हणलं, करा. अटक करायला तरी हुडकून आणा.

म्या काय केलं ते इचारलं म्हणून सांगते. बलभीमची इहीर बघितली. शेजारची बघितली. ह्याच्यावर अजून काय इचारू नका. अणदूरला खंडोबाच्या देवळात बघितलं. नळदुर्गला किल्ल्याच्या बाजूनं फिरले, हायवेच्या ढाब्यावर इचारलं. ढाब्यावाला म्हणला, "म्हातारं रुसलं असंल आजी, भूक लागली की येतंय." रुसायला काय नवी नवरी हाय? पोरगं मेलं, आन् आपल्या हातानं मेलं, एवढं डोक्यात घेऊन ते चालाय लागल्यात. पोरगं जित्तं हाय हे सगळ्या शिवाराला कळलंय, त्या एका माणसाला सोडून.

पेपरात देऊ म्हणतात. वाचता येत न्हाय. व्हाट्सअपवर फोटू फिरवू म्हणतात. मोबाइल न्हाय. कान हायत. कळपातलं कुठलं मेंढरू खोकलं हे न बघता सांगणारे कान हायत. गावोगाव देवळावर भोंगे हायत, मशिदीवर हायत. त्याच्यावर सांगा. मॅडम म्हणल्या, "त्याला परमिशन लागती, साहेब बंदोबस्तावर गेल्यात, आल्यावर बघू." कुणाची शेळी चुकली, कुणाच्या रेशनचं धान्य आलं, हे रोज भोंग्यावर सांगत्यात. तवा कोण साहेबाची वाट बघतो? माझ्या मालकाला शेळी समजा.

आज सकाळी बलभीमनं दवाखान्यातनं वैजनाथला फोनवर दिलं. आवाज लई बारीक. म्हणला, "आजी, आज्जा कुठंय?" म्या म्हणलं, मेंढरामागं. खोटं बोलले, तेबी लिहा. म्हणला, "त्यांचं घोंगडं माझ्यापाशी हाय. नर्स बाहेर टाकाया लागली व्हती, म्या टाकू दिलं न्हाय. येऊन घेऊन जा म्हणावं. थंडी हाय." एवढं बोलून त्याला दम लागला. मीबी फोन ठिवला.

माझं सांगणं झालं. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. बोलले तसंच उतरलंय. मिसिंगच्या कागदात फरार आलं व्हतं ते खोडून बेपत्ता करून घेतलं, तिथं बाजूला सही केली, इथं खाली बी करते. अंगठा देत न्हाय, चौथी शिकलीया. पण हे मला वाचून दाखवून काय उपेग, मला ठावंच हाय सगळं. भोंग्यावर वाचा. सगळं नको, तेवढा येळ न्हाय. वैजनाथ जित्ता हाय, घोंगडं घेऊन जायला बोलावलंय, एवढंच वाचा. आन् परत परत वाचा, ते चालत असतील, एका गावात ऐकू आलं न्हाय तर दुसऱ्या गावात येईल. बाकड्यावर बसा म्हणू नका. मी झेंड्यांपाशी जाते. तुमचा फोटूवाला येईपोतर मेंढरं आवरायला कुणीतरी पायजे.

सही : म्हाळसाबाई बिराप्पा दुधभाते

समक्ष : शिवप्रिया, महिला पोलीस शिपाई

नोंद : जबाब देणार निघून गेल्यानंतर अणदूर येथील देवळात व आजूबाजूच्या गावांत फोन करून त्यांनी शेवटी सांगितलेला तेवढाच मजकूर भोंग्यावरून सांगण्यास कळविले. परवानगी घेतलेली नाही. मजकूर दर थोड्या वेळाने पुन्हा वाचावा, असे सांगितले आहे.