सव्वाचार फूट

लिनेट : टेप ढिली धरली असशील, आई. दोन टोपल्यांत गालिचा सहा फूट व्हायलाच हवा.

विल्डा : सव्वाचार. चिंध्यांच्या वेण्या गुंडाळून गालिचे शिवण्यात जन्म गेला माझा, आता टेप धरायला तू शिकवणार?

लिनेट : चिडू नकोस गं. बाबांच्या शर्टांच्या चिंध्यांची पहिली टोपली संपली तेव्हा केवढा होता?

विल्डा : बरोब्बर तीन. आडवा मोजला. अर्धा झाला म्हटलं, आणखी एक टोपली की थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टेबलाखाली अंथरायला तयार. एल्डनचे बाकीचे शर्ट उगाच घर अडवून बसले होते. तूच म्हणालीस, चर्चच्या सेलला दे, बाबा काही परत येऊन घालणार नाहीत.

लिनेट : म्हणाले खरी. थांब, तो कागद दे. आई, गोल नुसता आडवा मोजून भागत नाही. तीन फुटांचे निम्मे दीड. दीड गुणिले दीड, त्याला तीन पॉइंट चौदानं गुणायचं. सात चौरस फूट. आता सहाचे निम्मे तीन. तीन त्रिक नऊ, त्याला तसंच गुणलं की... अठ्ठावीस.

विल्डा : म्हणजे चौपट?

लिनेट : चौपट. कडेचा एक फेराच एकोणीस फुटांचा. चार टोपल्या लागणार होत्या.

विल्डा : आणि दोन आपण देऊन टाकल्या.

लिनेट : मी गाडीत भरून नेल्या. तेव्हाच पाच मिनिटं कागद घेऊन बसले असते तर! मला नुसतं घर मोकळं करून बोस्टनला पळायचं होतं. चर्चमध्ये विचारू या?

विल्डा : बैल गेला नि झोपा केला. विचारलं मी. सगळं विकलं गेलं. परवा पोस्टात एकजण एल्डनचा लाल चौकडीचा शर्ट घालून उभा होता. कोपरावर माझंच ठिगळ. पार त्याच्या गाडीपर्यंत मागे मागे गेले.

लिनेट : मागितलास?

विल्डा : कसा मागू? थंडी किती होती. गळ्यापर्यंत बटणं लावली होती बिचाऱ्यानं.

लिनेट : दुकानातून तसलंच कापड आणते.

विल्डा : यात दुसरं कापड जायचं नाही.

लिनेट : मग टेबलाखाली हा पुरणार नाही, आई. खुर्च्या सगळ्या बाहेर राहतील.

विल्डा : टेबल राहू दे तिकडेच. यावर नुसती एल्डनची खुर्ची ठेव.