पुसलं की रक्त येतं

योग्याकार्ताच्या दवाखान्यात ड्रेसिंगसाठी बसलेली सुमिराह आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत होती. शेजारी पोनियेम आणि तिचा नवरा तुगिमान बोलत होते.

“कापू दे माझा पाय एकदाचा. तीन महिने झाले, जखम भरत नाही, थकलो मी.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, जखमेत पांढऱ्या पेशी येतात, आधी घाण खातात, मग नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात.”

“माझ्या नुसत्या खातच बसल्यात. बोलवायचं विसरल्या.”

“साखर वाढली की विसरतात म्हणे. तुम्हाला गोड चहा सुटत नव्हता, मग त्यांना कशाला बोल लावता?”

“महिना झाला सोडून.”

“माहितेय. म्हणून तर आज सोबत आले. नाहीतर कापायच्या कागदावर कधीच सही केली असती.”

हाक आली. एकमेकांना धरत दोघं पडद्याआड गेली. सुमिराह कान देऊन बसली.

“अगं बाई, रक्त! डॉक्टर, रक्त आलं!”

“येऊ दे, काकू. लाल मांस धरलंय, पुसलं की रक्त येतंय. नव्या वाहिन्या फुटल्यात. आता कापायचं नाही.”



“डॉक्टर,” तुगिमानचा आवाज आला, “परत एकदा पुसा. हिच्या डोळ्यांत पाणी होतं, हिला नीट दिसलं नाही.”