पिक्चरमधला नळ

दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंना तोंड उघडवत नव्हतं, पण कान शाबूत होते. शेजारच्या बाकावर एक प्लंबर आणि त्याची बायको बसली होती.

"पोराने एवढ्या हौसेने आपल्याला पिक्चर दाखवला. कसा वाटला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, नळाचा वायसर गेलाय!"

"गेलाच होता. दोन तास टपटप, टपटप. आणि ते दोन तरणे मुलगे ओट्याला टेकून एकमेकांकडे बघतायत."

"प्रेमात पडले होते हो ते!"

"पडू देत की. पडता पडता एकाने तरी नळ आवळायचा!"

"मग शेवटी रडलात कशाला?"

"किती पाणी वाया गेलं."

"अहो, पोरगा त्या दिवसापासून धड जेवला नाही. त्याचा तो मित्र..."

"कळतं मला. सकाळीच फोन केला पोराला."

"काय म्हणालात?"

"विचारलं, तुझ्या मित्राच्या घरचा नळ गळतो का."

"कर्म माझं! मग?"

"रडत रडत म्हणाला, गळतो, बाबा."

"म्हणून पान्ह्यांची पिशवी घेऊन दात काढायला आलात?"

"इथून परस्पर तिकडेच जायचंय. तूही चल. पहिल्यांदाच त्यांच्या घरी जायचं, तर रिकाम्या हाताने कसं जायचं?"