पायाखालचा पोलीस

दादासो : न्हाय, न्हाय. चिकटवायचं बिकटवायचं न्हाय. परमनंट फिटिंग पायजे. लागलं तर भोक पाड.

दत्तोबा : दादा, सुमो नवी हाय. आज भोक पाडलं तर उद्या तुमीच सगळ्या बारामतीला सांगाल, दत्तू वायरमननं गाडीचं नाक टोचलं म्हणून.

दादासो : टोच की. ही वायर बघ, सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची. खड्डा आला की भाईर. दाबली की पुन्ना खड्डा. आमच्या कळस गावापासनं हितवर माझा येक हात तितंच गुतलेला.

द्वारकाबाई : आन् दुसरा मिशीवर. गाडी तेवढी देव चालवत हुता.

दादासो : तू गप गं. बायकांना यंत्रातलं कळत न्हाय.

दत्तोबा : मला बी कळंना झालंय, दादा. ही डबी करती तरी काय?

दादासो : पोलीस हुडकती.

दत्तोबा : डबी?

दादासो : डबी म्हणू नको, रडार डिटेक्टर म्हण. अमेरिकेतनं आलीय. आमच्या लेकीचे, सुकन्याचे थोरले दीर तिकडं असत्यात, त्येंनी आणली मला. म्होरं कुठं पोलीस दबा धरून बसला की ही आधीच वरडती. मग आपुन पाय काढायचा, सभ्य माणसावानी म्होरनं जायचं. पोलीस मागं पडला की पुन्ना...

द्वारकाबाई : पुन्ना असभ्य.

दादासो : बघितलंस? हिला मी येक गाडी घिऊन दिली, तर ही जिभंला धार लावून आली.

द्वारकाबाई : दीर देताना काय म्हणालं, ते बी सांगा की. न्हाय तर मी सांगते. त्यो म्हणाला, मामा, ही तुमच्या हिकडं चालायची न्हाय, कपाटात शोभेला ठिवा. तिकडल्या पोलिसाकडं गाडीचा वेग मोजायचं यंत्र असतंय. त्या यंत्राचा सुगावा हिला लागतो. पोलिसाचा न्हाय.

दत्तोबा : मग झालं! दादा, आपल्या इंदापूर रोडला कुठलं आलंय वेग मोजायचं यंत्र? हितला हवालदार लिंबाखाली उभा. हातात दांडकं आन् तोंडात शिट्टी. त्या शिट्टीतला वाटाणा बी पडून गेलाय.

दादासो : आरं, अमेरिकेच्या पोलिसाला जी हुडकती, तिला आपला पोट सुटलेला हवालदार दिसायचा न्हाय व्हय?

दत्तोबा : हे मातर बिनतोड बोलला. बरं, आजवर कदी वरडली का?

दादासो : वायरच निसटती तर वरडंल कशी? पण वायर खुपसली की येकदा किकाटती. लाल दिवं लावती. सलामी देती मला.

दत्तोबा : ती सलामी न्हाय, दादा. करंट मिळाला की स्वताची तपासणी करून घेती. लग्नातला माईकवाला न्हाय का, आधी हॅलो हॅलो म्हणतो? तसं.

दादासो : काय का असंना. तू कसं करणार ते सांग.

दत्तोबा : फ्यूजच्या डब्यातनं चावीची लाईन घेतो. चावी फिरली की डबी चालू, चावी काढली की बंद. मधी येक ल्हान फ्यूज, अर्थिंग बॉडीला. वायर काचंच्या कडंनं पट्टीखालनं वर आरशापातूर नेतो. भोक नको, खड्ड्याचं भ्या बी नको.

दादासो : टॉप! कर चालू. मी समोर हाटेलात हाय. आबासाहेब बसलाय तितं. त्यो जावयानं घड्याळ दिलं म्हणून मनगट वर करून फिरत असतोय. आज त्येला सांगतोच.

दत्तोबा : जावा, जावा. चहा आमाला बी धाडा.

द्वारकाबाई : गेलं का?

दत्तोबा : गेलं, वैनी. रस्ता बी न बघता गेलं. ट्रकवाल्यानं बिरेक दाबला म्हणून ऱ्हायलं.

द्वारकाबाई : दत्तोबा भावजी, पान्हा ठिवा खाली. मला येक इचारायचं हाय.

दत्तोबा : इचारा की.

द्वारकाबाई : आयतवारी सुकन्याला सासरनं, पणदऱ्यासनं आणायचीय. पयलं बाळंतपण हाय, पोट वर आलंय. तिनं मला काय निरोप धाडलाय ठावं हाय? आई, मी यस्टीनं येते. जागा न्हाय मिळाली तर उभ्यानं येते. पण दादांच्या गाडीत बसायची न्हाय.

दत्तोबा : पिंपळीच्या वळणामुळं व्हय?

द्वारकाबाई : शिमग्याचं दिवस हुतं. वळणावर आबाजी मेंढपाळाची मेंढरं रस्ता वलांडत हुती. ह्येंनी हॉर्न दाबला, बिरेक न्हाय. मेंढरं मेली ती मेलीच. पोरगी म्होरं आपटली, कपाळाला टाकं पडलं. त्यो आबाजी रस्त्यात बसून मेंढीच्या तोंडात पाणी घालतोय, पोरीच्या डोळ्यात रगत उतरतंय, आन् हे खाली वाकून काय बघत हुतं सांगा.

दत्तोबा : काय?

द्वारकाबाई : बंपर.

दत्तोबा : आरं देवा.

द्वारकाबाई : ह्येंचा आजा ह्याच रस्त्यानं कळप घिऊन कोकणात जायचा. येखादी गाडी जोरात आली तर काठी उगारायचा. आन् नातू बघा.

दत्तोबा : मग तुमी समजावून का सांगत न्हाय?

द्वारकाबाई : मी? गाडी आल्यापासनं सांगतीय. हळू चालवा म्हणलं की ते रेडिओ मोठा करत्यात. पण त्या डबीचं ऐकत्याल. डबी पडली अमेरिकेची. मी पडले निमगावची.

दत्तोबा : खरं हाय.

द्वारकाबाई : म्हणून इचारते. पोलिसाचं जाऊ द्या. गाडी लई पळाय लागली की ती वरडंल, असं जमंल का?

दत्तोबा : गाडीचा वेग तिला कुठला कळायला? तिला फकस्त करंट कळतो. मिळाला की येकदा वरडायचं... थांबा. थांबा, वैनी. मग करंट चावीवरनं द्यायचाच कशाला?

द्वारकाबाई : म्हंजे?

दत्तोबा : बिरेकच्या दिव्याचा येक बटन असतोय. पाय पडला की दिवा लागतो, त्यो. माझ्याकडं जुना हाय. त्यो ॲक्सिलेटरच्या खाली बशिवतो. पाय निम्म्याच्या खाली गेला की करंट मिळंल. डबीला वाटंल आपुन आत्ताच जाग्या झालो, ती लागली किकाटायला. पाय उचलला की झोपली. पुन्ना दाबला, पुन्ना जागी.

द्वारकाबाई : आन् ह्येंना वाटंल पोलीस.

दत्तोबा : ह्येंना पोलीसच वाटणार. पण वैनी, ही फसवणूक झाली हां.

द्वारकाबाई : व्हय.

दत्तोबा : गिऱ्हाईकाची.

द्वारकाबाई : व्हय, गिऱ्हाईकाची. मग?

दत्तोबा : मग काय, ती पकड द्या हिकडं. आन् दारात उभ्या ऱ्हावा. हाटेलातनं उठलं की खोका.

दादासो : झालं का न्हाय आजून? आबासाहेबाचं तोंड बघायला पायजे हुतं तुमी. घड्याळाचा हात टेबलाखाली घेतला त्येनं!

दत्तोबा : झालं, दादा. बसा. वैनी, तुमी बी बसा मागं. येक चक्कर मारून बघू.

दादासो : वर कशी दिसती, बघ तरी! इमानात बसल्यागत वाटतंय. हां, घेतली गाडी भाईर. आता जरा देतो पाय... वरडली! दत्तू, वरडली!

दत्तोबा : व्हय की हो.

दादासो : कुठाय पोलीस?

दत्तोबा : आसंल कुठंतरी.

दादासो : पाय काढतो. बघ, गप झाली. टळला. दिरानं सांगितलं चालायची न्हाय म्हणून! त्येला काय म्हाईत आपल्या हिकडचं? आता मोकळा रस्ता, सोडतो... आयला, पुन्ना! हितं तर कुणीच न्हाय.

द्वारकाबाई : साध्या कपड्यातला आसंल.

दादासो : कोण? त्यो सायकलवरचा?

द्वारकाबाई : मला काय कळतंय यंत्रातलं. पण तुमाकडंच बघत हुता.

दादासो : बघत हुता खरा. आन् त्यो म्होरं कडब्याच्या गाडीवर बसलाय त्यो? पुन्ना वरडली! दत्तू, त्यो बी?

दत्तोबा : मिशी तर पोलिसासारखीच हाय.

दादासो : साधा रस्ता, आन् येवढी माणसं पेरलीती? म्हंजे... म्हंजे माझ्यावर पाळत हाय!

दत्तोबा : तुमच्यावर?

दादासो : मग काय कडब्यावर? वरच्या लोकांच्या डोळ्यावर आलेलो दिसतोय मी. उगं न्हाय. आमच्या गावात मी बोलाय लागलो की चार माणसं गोळा हुत्यात.

द्वारकाबाई : हुत्यात की. तुमी गप बसायची वाट बघत हुबी ऱ्हात्यात.

दादासो : दत्तू, हळूच घेतो बाबा गाडी. कायद्यात सापडायला नको.

(पुढच्या आठवड्यात, त्याच गॅरेजात. दादासो एकटेच आले आहेत.)

दादासो : हातातलं काम ठिव. ही डबी खोटं बोलती.

दत्तोबा : का, काय झालं?

दादासो : काल गाडी माझ्याच अंगणात हुबी. दाराम्होरं तानूबाई शेणी थापत हुती, दुसरं चिटपाखरू न्हाय. इंजिन तापवायला पाय दिला, तर डबी बोंबलली. मी खाली उतरून तानूबाईला इचारलं, पोलीस बघितलास का. ती म्हातारी माझ्या कपाळाला हात लावून बघाय लागली.

दत्तोबा : मग?

दादासो : मग मी पुन्ना आत बसलो. पाय दाबला, वरडली. उचलला, गप. दाबला, वरडली. खाली वाकून बघितलं. पोलीस माझ्या पायाखालीच बसलेला.

दत्तोबा : दादा, चूक झाली. डोस्कं माझंच हुतं.

दादासो : तुझं डोस्कं मला म्हाईत हाय. मागं येकदा हॉर्नची वायर वायपरला जोडून दिलीवतीस तू. ही अक्कल निमगावची हाय.

दत्तोबा : काढतो बटन. चावीची लाईन देतो, कायमची गप बसंल.

दादासो : काढतोस कुठं? हात लावू नको त्येला.

दत्तोबा : का?

दादासो : गावभर सांगून बसलोय, माझ्यावर सरकारची पाळत हाय म्हणून. चौघांना गाडीत बसवून ऐकवलंय. आता मी चावडीवर गेलो की माणसं खुर्ची सरकवत्यात. सोसायटीच्या निवडणुकीला हुबं ऱ्हावा म्हणत्यात. उद्या डबी गप झाली तर काय सांगू? सरकारनं माझा नाद सोडला?

दत्तोबा : म्हंजे आता जलमभर हळू चालवणार?

दादासो : हसू नको, लेका. हसलास तर दुसऱ्या गॅरेजात जाईन.

दत्तोबा : न्हाय हसत. मग आवाज तरी बारीक करून देऊ?

दादासो : मोठा कर. मागल्या शिटावर नीट ऐकू जात न्हाय.

दत्तोबा : बरं. वैनींना सांगू का, तुमाला कळलंय म्हणून?

दादासो : तसं केलंस तर बघ. तिला वाटू दे, मी पोलिसाला भितोय. बायकोला भितो म्हणण्यापरीस ते बरं.

दत्तोबा : सुकन्या आली का आयतवारी?

दादासो : आली.

दत्तोबा : यस्टीनं?

दादासो : माझ्या गाडीतनं. आईनं बळंच बसवली. पणदऱ्यासनं निघालो तवा दाराची मूठ धरून बसली हुती, येका हातानं पोट धरलेलं. माझ्याशी येक शबुद न्हाय. डबी वरडली, मी पाय काढला. पुन्ना वरडली, पुन्ना काढला. बारामती मागं पडली. पिंपळीचं वळण आलं, तवा मला वाटलं, आता ही गाडी थांबवा म्हणंल. मी आरशात बघितलं.

दत्तोबा : काय म्हणाली?

दादासो : झोपली हुती.

दत्तोबा : बरं झालं की.

दादासो : माझ्या गाडीत आजवर कुणी झोपलं नव्हतं, दत्तू.