सत्यनारायणाशेजारची बादली

२००५-०६ची गोष्ट. हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपच्या घरी मी बिअर बनवायचो, पण आमचा मित्र मंदार कधी चाखायलाही तयार नसायचा. एकदा बादलीत बिअर आंबत होती आणि शेजारीच बायकोने सत्यनारायण मांडला. बादली हलवायची नव्हती, म्हणून मी वर उपरणं टाकलं. सासूबाईंना ते पूजेचंच वाटलं. त्यांनी बादलीलाही हळदकुंकू वाहिलं!

पुढे बाटल्या भरल्यावर मंदारला बोलावलं.

"नको रे बाबा!"

"पूजेतली आहे. प्रसादाला नाही म्हणतोस?"

त्याचं हॉलंडमध्ये राहायचं परमिट तेव्हा रिन्यूअलला अडकलेलं. देवाशी पंगा परवडणारा नव्हता. त्याने ग्लास कपाळाला लावला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "मग तीर्थासारखी पळीभरच द्यायचीस ना!"